तीनशे एकावं नाव

भिवरटोल्यात भाऊ-भाऊ वेगळे होत नाहीत, असं अर्जुनी मोरगावात कौतुकाने सांगितलं जातं. तहसील कचेरीत वाटणीचं भांडण घेऊन कोणी गेलं, की तिथला जुना कारकून हटकून म्हणतो, "त्या भिवरटोल्याकडे पाहा जरा. चौदा वर्षं झाली, पाण्याच्या यादीत एक नाव वाढलं नाही. याले म्हणतात एकोपा!" एकदा तर एकत्र कुटुंबावर प्रबंध लिहिणारे एक प्राध्यापक तीन दिवस गावात मुक्काम करून गेले. त्यांनी संस्कारांवर बारा पानं लिहिली, मातृशक्तीवर सात लिहिली आणि जाताना पिशवीभर सीताफळं नेली.

खरं कारण त्यांना कोणी सांगितलं नाही. भिवरटोल्यातल्या चुली कधीच्याच वेगळ्या झाल्या होत्या. धानाच्या बांधीबांधीत वाटणीचे धुरे, म्हणजे बांध, पडले होते. भाऊ भावाच्या घरच्या लग्नाला जेवणापुरता जात होता. यादीत मात्र सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, कारण खेमराज कापगतेच्या घरच्या कॉम्प्युटरात तीनशेच्या वर नावं बसत नव्हती.

खेमराजचा कॉम्प्युटर म्हणजे फोर-एट-सिक्स. आजच्या पोरांना हा आकडा सांगितला तर त्यांना तो बसचा नंबर वाटेल. नव्व्याण्णव साली गोंदियात वर्षभराचा कोर्स करून खेमराजने तो एका बंद पडलेल्या कार्यालयाकडून उचलला आणि बल्लारशा पॅसेंजरने गावी आणला. पेटी फळीवर, कीबोर्ड काखेत आणि मॉनिटर मांडीवर, दुलईत गुंडाळलेला. समोरच्या बाईने विचारलं, "किती महिन्याचं आहे?" खेमराजने गंभीरपणे कोर्सचा कालावधी सांगितला.

त्याच महिन्यात त्याचं लग्न झालं. बायको नीला घरात आली तेव्हा घरातली हवेशीर खोली आधीच व्यापलेली होती. पंखाही तिकडेच होता. "त्यायले गरमी सहन नाही होत," असं नवऱ्याने सांगितल्यावर घरात आजारी सासरे असावेत, असं तिला दोन दिवस वाटत होतं.

गावाचं तळं जुनं, कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेलं. पावसाने दगा दिला की तळ्याची दगडी मोरी, जिला गावात तुडूम म्हणतात, ती उघडायची आणि पाळीपाळीने धानाच्या बांध्यांना पाणी द्यायचं. कोणाची पाळी कधी, हे बांधी कुठे आहे त्यावर आणि किती तास, हे एकरावर ठरतं. पूर्वी हा हिशोब पाणी सोडणारा पाणकर तोंडी सांगायचा आणि दर वर्षी दोन-तीन डोकी फुटायची. खेमराजने ते काम कॉम्प्युटरवर घेतलं. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गट नंबर आणि एकर टाकले, की कॉम्प्युटर पाळी लावून देई. डोकी फुटायची थांबली. गावाने त्याला 'सर' म्हणायला सुरुवात केली, आणि इथून पुढे त्याचं जे काही बिघडलं ते बिघडत गेलं.

नावं सुरुवातीला वेगळ्या फाईलमध्ये होती. दोन हजार तीन साली खेमराज जेवायला उठल्याचं पाहून कोणीतरी त्या फाईलमध्ये हात घातला आणि स्वतःचे दोन एकर पाच केले. गावात बोंबाबोंब झाली. खेमराजने शपथ घेतली, की यापुढे नावं बाहेर ठेवायचीच नाहीत. ती थेट प्रोग्रामच्या पोटात लिहायची आणि दर वर्षी अख्खा प्रोग्राम नव्याने कंपाईल करायचा. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा प्रोग्राम. "कंपायलरमधून गेलेलं नाव ब्रह्मदेवालेबी बदलवता येत नाही," असं त्याने गावच्या पाणीवाटप समितीला सांगितलं. ब्रह्मदेवाला आलं नसतं; थोडं शिकलेल्या कोणालाही आलं असतं. पण तेवढं शिकलेला गावात तो एकटाच होता.

हा निळ्या पडद्याचा जुना कंपायलर स्वभावाने सरळ होता. नावं, चित्रं, सूचना, जे काही प्रोग्रामच्या पोटात घालायचं त्यासाठी त्याच्याकडे एकच ढोली होती, पासष्ट हजार पाचशे छत्तीस अक्षरांची. धान ठेवायच्या ढोलीसारखीच. भरली की भरली. वर एक दाणा टाकला तरी तो सांडणार. एका शेतकऱ्याला एकशे अठ्ठावीस अक्षरं लागत. चौदा वर्षांपूर्वी खेमराज तीनशे एकावं नाव टाकायला गेला आणि कंपायलरने इंग्रजीत एक ओळ दाखवली: माल फार झाला.

खेमराज समितीपुढे गेला आणि म्हणाला, "नावं फार झाली."

कंपायलर 'नावं' असं म्हणाला नव्हता. पण त्याचं बोलणं गावाला कळवणारा माणूस एकच होता, आणि त्याने ते असं कळवलं.

त्या दिवसापासून गावाच्या तोंडी एक वाक्य बसलं: "कंपायलर नाही म्हणते." वाटणी झाली, वेगळी पाळी हवी? कंपायलर नाही म्हणते. नवी बांधी घेतली? एखादा मरेपर्यंत थांबा. टोल्याच्या शेवटाला रामटेक्यांची बारा घरं होती. बारा जणांच्या बांध्या तळ्याखाली होत्या. त्यांची बारा नावं टाकायला जागा नव्हती, म्हणून यादीत एकच नोंद झाली: 'रामटेके आणि इतर'. जागा अपुरी असली की 'इतर' कोणी व्हायचं, हे मात्र कंपायलरला विचारावं लागलं नाही. ते गावाला आधीच ठाऊक होतं.

मध्ये ग्रामपंचायतीत नवा कोरा कॉम्प्युटर आला. खेमराजने त्यात जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा एक प्रोग्राम टाकून आपला कंपायलर चालवून पाहिला. सोंग इतकं हुबेहूब, की ढोलीही पासष्ट हजारांचीच. शिवाय नव्या प्रिंटरवरची यादी गावाने मानली नाही. खेमराजच्या यादीच्या कागदाला दोन्ही कडांनी भोकांची रांग असायची. नव्या कागदाला भोकं नव्हती. "भोकं नाही त् यादी खरी कायची?" असं पाणकरच म्हणाला. खेमराज वरवर हळहळला. घरी आल्यावर त्याने फोर-एट-सिक्सवर फुलं घातलेली नवी झालर पांघरवली.

ती झालर दुर्गेश्वरीने शिवली होती.

दुर्गेश्वरी लंजे गावात ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश शिवते. नवरा ओमेश ट्रक चालवतो. कोहमाऱ्याच्या ढाब्यावरून त्याचा फोन येतो तेव्हा तो महाराष्ट्रात आहे एवढं कळतं. सासरा गेल्यावर दीड एकर ओमेशच्या वाट्याला आलं आणि सातबाऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं चढली. यादीत मात्र एकशे सतरा नंबरवर थोरला दीर टेकचंदच राहिला. पाळी टेकचंदची, पाणी दोन्ही भावांचं, अशी गावाची समजूत होती. टेकचंदची वेगळी होती. तो आपल्या बांध्या काठोकाठ भरी, मग घड्याळ पाहून म्हणे, "वेळ झाला बाप्पा, कंपायलरनं दिला तेवढाच," आणि दुर्गेश्वरीच्या बांधीकडचा मुहाना, म्हणजे पाण्याची वाट, मातीने बंद करी. मागच्या साली तिच्या दीड एकरातलं निम्मं धान पोचट निघालं. वरून लोंब्या छान डुलत होत्या. आत काही नव्हतं. पाहुण्यांना दाखवायला बरं पीक होतं.

यंदा पोळा झाला आणि पावसाने तोंड फिरवलं. धान निसवण्यावर आलं. आता आठ दिवसांत बांधीत पाणी उभं राहिलं नाही, तर कापायला फक्त तणस, कोरडा पेंढा, उरणार. समितीने ठरवलं: रविवारी यादी छापायची, सोमवारी तुडूम उघडायचा.

गुरुवारी सकाळी दुर्गेश्वरी खेमराजच्या दारात उभी राहिली. गळ्यात मापाची टेप तशीच होती.

"सर, माहं नाव टाका यादीत. सातबारा आणला."

खेमराजने सातबाऱ्याकडे पाहिलंही नाही. डॉक्टर वाईट बातमी सांगताना मान हलवतो तशी त्याने हलवली. "मी त् आजच टाकतो गा सूनबाई. पण कंपायलर नाही म्हणते."

"माह्यासमोर म्हणू द्या."

खेमराज थबकला. चौदा वर्षांत शेकडो लोक हे वाक्य ऐकून परत गेले होते. देवाचा कौल ऐकावा आणि उठावं, तसं. गाभाऱ्यात जाऊन मूर्तीचं तोंड हलतं का हे पाहायला कोणी मागितलं नव्हतं.

"त्याच्यात पाहाण्यासारखं काय आहे? इंग्रजीत बोलते ते."

"बोलू द्या. मीच शिवली ना त्याची झालर? मंग तोंडबी पाहू द्या."

आतून नीलाचा आवाज आला, "दाखवा ना हो. कोणी पाहुणं येत नाही त्यायले भेटायले."

खेमराजला खरं तर आनंदच झाला. त्याने झालर घडी करून ठेवली, पंखा सुरू केला आणि बटण दाबलं. पेटीतून गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज आला. थोड्या वेळाने पडद्यावर अक्षरांनीच काढलेला गणपती उमटला. सोंडेच्या जागी शून्यांची रांग होती.

"थांबा," खेमराज म्हणाला, "आता पाहा."

गणपती गेला आणि तळं आलं. बांधावर झाडं, तारकांचं पाणी, तीन बदकं. मग समितीच्या पहिल्या अध्यक्षांचं हार्दिक अभिनंदन. मग दुसऱ्या अध्यक्षांचं. मग सध्याचे अध्यक्ष भुपेंद्र डोंगरवार, चारही बाजूंनी वेलबुट्टी. मग उपाध्यक्ष टेकचंद लंजे, दोन सिंहांच्या मध्ये. सिंह कुत्र्यांसारखे दिसत होते पण आयाळ मेहनतीने काढली होती. मग सचिव. मग दिवाळीच्या शुभेच्छा, शुभेच्छुकांची नावं. मग कोणाच्या तरी जावयाची नोकरी लागल्याबद्दल अभिनंदन. चौकात फ्लेक्स लागतात ना, तसा हा फ्लेक्सचा बाजार एका बंद खोलीत भरला होता, आणि फ्लेक्स पाहणारं कोणी नव्हतं. आणि सगळ्यात शेवटी, तेराव्या पडद्यावर, खुद्द खेमराज. चेहरा टिंबांचा, भांग तिरक्या रेघांचा, आणि मिशी चौकटीच्या खुणांची, गच्च भरलेली. खाली: निर्माता, श्री. खेमराज कापगते सर.

हे सगळं व्हायला चार मिनिटं लागली. तेव्हा कुठे यादी आली.

खेमराजने दुर्गेश्वरीकडे पाहिलं. दाद यायची वाट पाहावी तसं. "मिशीच काढायले तीन दिवस लागले मले."

"छान आहे," दुर्गेश्वरी म्हणाली. "आता नाव टाका."

त्याने नाव टाकलं आणि कंपाईलची कळ दाबली. अकरा मिनिटं पेटी कण्हत राहिली. मग ती ओळ आली.

"पाहा. म्हणलं होतं ना मी?"

"काय म्हणते ते?"

खेमराजला खोटं बोलता येत नव्हतं. निदान समोर इंग्रजी लिहिलेलं असताना नाही. "म्हणते... माल फार झाला."

"माल," दुर्गेश्वरी म्हणाली.  मग तिने टेप गळ्यातून काढून हातात घेतली, मोठ्या बायांच्या ब्लाऊजचं कापड कमी पडतं तेव्हा घेते तशी. "सर, ते गणपती, बदकं, सिंह... तेबी याच ढोलीत आहेत काय?"

खेमराजने पंखा स्वतःकडे वळवला. "हो."

"एका फोटोची जागा किती?"

"दोन हजार अक्षरं."

"अन् माह्या नावाची?"

"एकशे अठ्ठावीस."

"म्हणजे एका फोटोत किती नावं मावतील?"

खेमराजने आयुष्यात कोणाकडून चहासुद्धा घेऊन पाळी पुढे-मागे केली नव्हती. आकड्याच्या बाबतीत तो देवमाणूस होता. त्याने मनात भागाकार केला आणि उत्तर तोंडातून सुटलं, "पंधरा."



"कापड कमी नाही पडलं, सर," दुर्गेश्वरी म्हणाली. "झालर जास्त झाली. मले पूरा फोटो नको. तुमच्या मिशीएवढी जागा द्या, त्याच्यात मी बसतो."

आत नीलाच्या हातातलं काहीतरी खाली पडलं आणि मागोमाग तिचं हसणं ऐकू आलं. पंचवीस वर्षांचं साठलेलं असावं. बराच वेळ चाललं.

खेमराज ताठ झाला. "हे असं पुसता येत नाही. समितीचा मान आहे तो. समितीले विचारावं लागेल."

"विचारा," दुर्गेश्वरी उठली. "पण सोमवारी तुडूम उघडून राहिला. माह्या धानाले मान नाही समजत."

शुक्रवारी पंचायतीच्या ओट्यावर समिती बसली. खेमराजने वहीत आकडे लिहून नेले होते. त्याने ढोली समजावली, फोटो समजावले आणि शेवटी, घसा साफ करून, विचारलं की कोणाचा पडदा काढावा.

तो पडदा आपल्या नावचा आहे हे निम्म्या लोकांना आठवतही नव्हतं. आठवण झाल्याबरोबर प्रत्येकाला तो जिवापाड प्रिय झाला.

"माहा कायले?" अध्यक्ष भुपेंद्र डोंगरवार म्हणाले. "वेलबुट्टी आहे त्याले."

"पहिल्या अध्यक्षाचा काढा मंग," सचिव म्हणाला, "ते त् वारले."

"मेलेल्या माणसाचा फोटो काढता? उद्या त्याचे पोरं येऊन उभे राहातील."

"जावयाचा काढा."

"काऊन? नोकरी सुटली काय त्याची?"

"बदकं काढा!"

"बदकं काढली त् तळं ओळखू कसं येईल?"

 टेकचंदने पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. "एक सांगू काय? हा प्रश्न फोटोचा नाहीच. आज आमच्या घरच्या लहानीचं नाव टाकलं, उद्या गावातले सारे भाऊ फुटतील. प्राध्यापकानं आपल्यावर पुस्तक लिहिलं. त्याची लाज राखा. कंपायलर एवढी वर्षं नाही म्हणून राहिलं, ते काय उगाच? त्यायले गावाची काळजी आहे."

ओट्यावरच्या माना डोलल्या. आपण स्वार्थी नसून संस्कारी आहोत, हे कळल्यावर माणसाची मान आपोआप डोलते.

खेमराजने हळूच विचारलं, "पण हे पडदे पाहाते कोण? वर्षातून एकदा मी पाहातो."

"तू पाहाते ना?" भुपेंद्रभाऊ म्हणाले. "मंग?"

आणि ठराव झाला, वहीत लिहिला गेला, सगळ्यांनी सह्या केल्या: पाणीवाटपाच्या यादीबाबत कंपायलरचा निर्णय अंतिम राहील, त्यात समितीचा कोणीही सदस्य किंवा इतर व्यक्ती ढवळाढवळ करणार नाही. सूचक टेकचंद लंजे. अनुमोदक सगळेच.

शनिवारी दुपारी खेमराज कॉम्प्युटरपुढे बसला होता तेव्हा जमुनाबाई रामटेके काठी टेकत आली आणि ओसरीत बसली. दुर्गेश्वरीने पोलक्याचं माप घेता घेता तिला ढोलीची गोष्ट सांगितली होती.

"बापू," ती म्हणाली, "मले एक सांग. ते यादीत 'आणि इतर' आहे ना, त्याच्यात मी कितवी आहो?"

खेमराज जुन्या यादीवर बोट फिरवू लागला.

"नाही, सहज इचारलं. बारा जणायचा झगडा होते ना दर साली, पयले कोणाच्या बांधीत जाईल म्हणून. यादीत नंबर राह्यला असता त् बरं झालं असतं. तीन बदकं आहेत म्हणे तळ्यात?"

"आहेत, मावशी."

"त्यायचे नावं आहेत काय?"

एवढं बोलून ती पाणी प्यायली आणि गेली.

खेमराजने कळ दाबायला सुरुवात केली. आधी त्याने शुभेच्छुकांच्या नावांपुढचे 'श्री.' काढले. अकरा मिनिटं. माल फार झाला. मग सिंहांची आयाळ भादरली. पण प्रत्येक पडदा दोन हजारांचा साचाच होता. आयाळ गेली तिथे कोरी जागा बसली, आणि कंपायलरच्या लेखी कोरी जागा हाही मालच. अकरा मिनिटं. माल फार झाला. हे त्याला ठाऊक होतं. चौदा वर्षांपासून ठाऊक होतं. जे ठाऊक आहे ते स्वतःला न कळू देण्यात त्याने या मशीनपेक्षा जास्त मेहनत घेतली होती.

नीला चहा घेऊन आली. पडद्यावर तेरावा फोटो होता.

"हा कधी काढला होता?"

"दोन हजार चार साली."

"तवा मिशी काळी होती तुमची," ती म्हणाली. "आता ओळखू येत नाही कोणाले. मी सांगू काय? कागदावर काढून घ्या एकदा. भिंतीले लावतो मी. निदान मी त् पाहीन."

खेमराजने चहाचा कप बाजूला ठेवला. मग प्रिंटर सुरू केला. खर्र-खर्र करत टिंबांचा चेहरा बाहेर आला, दोन्ही कडांना भोकं असलेला. त्याने तो फाडून नीलाच्या हातात दिला, आणि तेरावा पडदा पुसला. पंचवीस ओळी. शेवटची ओळ 'निर्माता' होती. तिच्यावर बोट थोडं थांबलं, पण तीही गेली.

मग त्याने दुर्गेश्वरीचं नाव टाकलं. 'रामटेके आणि इतर' खोडून त्या नंबरवर जमुनाबाईचं नाव लिहिलं, आणि बाकीची अकरा नावं दुर्गेश्वरीच्या खाली एकाखाली एक लिहिली. कळ दाबली. अकरा मिनिटं पेटी कण्हली. या वेळी ओळ वेगळी आली, एका शब्दाची: जमलं. ती त्याने चौदा वर्षांत प्रत्येक साली पाहिली होती, पण वाढीव नावासाठी कधी नाही.

रविवारी दुपारी यादी पंचायतीच्या भिंतीवर लागली. अर्ध्या तासात टेकचंद खेमराजच्या दारात आला.

"हे काय आहे सर? एकशे सतरात माहे तास अर्ध्यावर आले. तीनशे एकवर लहानी. पाळी माह्या लगेच मागून!"

"नंबर नवा. पाळी बांधी जिथं आहे तिथं. नेहमीचंच आहे."

"तिचं नाव काढ."

खेमराजने मान हलवली. तीच, वाईट बातमीची. "मी त् आत्ता काढतो गा भाऊ," तो म्हणाला. "पण कंपायलर नाही म्हणते."

टेकचंदचं पान तोंडातच थांबलं. "नाही कसं म्हणते? नाव टाकता येते त् काढता काऊन नाही येत?"

"आता ते मी कोण सांगणारा? एकदा हो म्हणलं की म्हणलं. निर्णय अंतिम. ठराव तुमचाच आहे. सूचक म्हणून सही आहे तुमची."

"मी सोता पाहातो त्यायले! उघड ते कंपूटर!"

"या ना," खेमराज आनंदाने बाजूला झाला. "इंग्रजीत बोलते ते. काय म्हणते ते मी सांगीन तुमाले."

टेकचंद झालरीकडे पाहत उभा राहिला. मग त्याने अंगणात पिंक टाकली आणि निघून गेला. जाताना त्याला कळेना की आपल्याला नक्की कोणी फसवलं. चौदा वर्षं तो ज्या देवाच्या नावाने प्रसाद खात होता, त्याच देवाने आज त्याच्या हातातली वाटी काढून घेतली होती, आणि देवाशी बोलणारा पुजारी मात्र जुनाच होता.

सोमवारी सकाळी तुडूम उघडला. पाणी आपल्या चालीने, एकेका पाळीने पुढे सरकत आलं आणि टेकचंदच्या बांध्यांत शिरलं. त्याचे तास संपले तेव्हा तो धुऱ्यावर फावडं घेऊन उभा होता. पाणकराने यादी उलगडली, बोट फिरवत एकशे सतराच्या पुढे आला आणि थांबला.

"सरक गा टेकचंद. इथून लहानीची पाळी आहे."

"ती यादी खोटी आहे."

पाणकराने कागद उन्हात धरला. दोन्ही कडांची भोकं वरपासून खालपर्यंत पाहिली. एकही कमी नव्हतं.

"खोटी कायची? भोकं आहेत ना."

दुर्गेश्वरीने स्वतः फावडं घालून मुहाना फोडला. पाणी तिच्या बांधीत आलं, तापलेल्या भेगांतून खाली गेलं, मग वर आलं, आणि धानाच्या बुडाशी उभं राहिलं. ती घड्याळ लावून आली होती. शेवटच्या मिनिटापर्यंत ती धुऱ्यावरून हलली नाही, आणि मिनिट संपताच तिने मुहाना स्वतःच बंद केला, कारण पुढची पाळी जमुनाबाईची होती आणि ती काठी टेकत आधीच येऊन बसली होती.

ढोलीत अजून तीन नावांची जागा शिल्लक आहे. ही बातमी गावभर झाल्यापासून भिवरटोल्यातले सात भाऊ सातबारा घेऊन खेमराजच्या ओसरीत बसून असतात, आणि समितीचे सदस्य आपापला पडदा शाबूत आहे ना हे विचारायला येऊन जातात. तहसील कचेरीतला कारकून आता दुसऱ्या एका गावाचं नाव सांगतो.

दिवाणखोलीच्या भिंतीवर टिंबांचा खेमराज लावलेला आहे. येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे पाहतो आणि नीलाला विचारतो, "हे कोण?"

"वारले नाहीत अजून," नीला सांगते. "आत बसून आहेत. बोलवू काय?"